थुंकीचं माप

रोज सकाळी अकरा वाजता माझा धाकटा भाऊ आठ बाटल्यांमधली वाइन एकेक करून तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि भांड्यात थुंकायचा. एक वाजता ते भांडं मी मोरीत नेऊन मापाने मोजायचे. ऐकून तोंड वाकडं करू नका. मलाही काही हौस नव्हती. पण त्या मापावर त्याचा जीव होता, आणि मोजायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी बावीस वर्षं आहे. त्यातली एकवीस वर्षं मी नोकरमाणसांचं जेवण रांधलं. पाहुण्यांचं करायला शेफ यायचे, उंच टोप्या घालून, आणि दोन-दोन वर्षांत निघून जायचे. भाऊ त्याच हॉटेलात वाइन बघायचा. कोणत्या पदार्थाबरोबर कोणत्या देशाची द्यायची हे तो ठरवायचा, बाटली उघडली की पहिला घोट स्वतः घेऊन बघायचा, पाहुण्यांना दोन शब्द सांगायचा. सगळे त्याला नाकोबा म्हणायचे. नाक तसं चारचौघांसारखंच, पण ग्लासावर धरलं की डोळे मिटून सांगायचा, ही चिलीची, ही ऑस्ट्रियाची, ही बाटली उन्हात राहिली आहे, परत पाठवा. लहानपणीही तसाच. दूध नासायच्या आदल्या दिवशी सांगायचा, "ताई, हे उद्या नासणार." आई म्हणायची, कार्टं नाकाने कांदे सोलतंय. दुसऱ्या दिवशी दूध नासायचं.

अशा माणसाला दारूने धरलं. कामातल्या दारूने नाही हं, ती तर थुंकायचीच असते. चाखणारा गिळायला लागला तर तिसऱ्या ग्लासानंतर त्याच्या जिभेला काही कळत नाही, म्हणून जगभर हे लोक थुंकतात. पण जेवणं उरकली की बाटल्यांत उरलेलं असायचं. ते तो प्यायचा. एवढी चांगली ओतून कशी द्यायची, म्हणायचा. बारा वर्षं हेच ऐकलं आम्ही.

या वर्षाच्या सुरुवातीला त्याचे पाय सुजले, डोळे हळदीसारखे झाले. डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला आणि सांगितलं, यकृत संपत आलंय, यापुढे एक थेंब नाही. माझी भावजय शांत बाई आहे, तिने आदळआपट केली नाही. एक बॅग भरली आणि मला म्हणाली, "ताई, मी बारा वर्षं बाटल्या लपवल्या. आता हे मरण बघायला बसायचं नाही मला. सुटला तर मी येईन. त्या दिवशी येईन." ती माहेरी गेली आणि हा दोन पिशव्या घेऊन माझ्याकडे आला. चार महिने त्याने तोंडाला लावली नाही. हे मी कुणासमोरही छातीवर हात ठेवून सांगेन. पाहुण्यांसमोरचा पहिला घोटही घ्यायचा नाही, नुसता वास घ्यायचा. चेहऱ्यावर रंग आला, माझ्या हातचं दोन वेळा मागून घेऊ लागला.

मग मालकांचं डोकं फिरलं. शेफ ऐनवेळी सोडून गेले, त्या दिवशी मालक आमच्यात येऊन जेवले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, हे पाहुण्यांना का नाही मिळत?" त्यांनी ठरवलं, आठ पदार्थ माझे, आठ देशांच्या आठ वाइन नाकोबाच्या. एका रविवारी दुपारी चाळीस पाहुणे बोलवायचे, आणि जमलं तर पुढे कायमचा तोच मेनू. कार्डावर छापणार होते, बहीण रांधते, भाऊ वाढतो. मी चोपन्न वर्षांची बाई. कोठीघरात गेले, पिठाच्या पोत्यावर बसले आणि हमसाहमशी रडले. आनंदाने रडले, का खोटं बोलू?

डॉक्टरांनी आधी सरळ नाही म्हटलं. भाऊ म्हणाला, मी थुंकतो. डॉक्टर म्हणाले, थुंकलं तरी थोडं आत जातंच. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन आठवडे, वर एक दिवस नाही. आणि एक घोट जरी गिळल्याचं कळलं, तर त्याच दिवशी त्याला इथे आणायचं. दुसऱ्या दिवशी नाही. मी खाट ठेवतो." भावजयीला फोन केला तर तिने आधी डॉक्टरांचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही मोजाल? त्याच्या शब्दावर मी नाही राहणार. तुमच्या शब्दावर राहीन. एक दिवस जरी कमी भरलं तरी सांगा, मी तासाभरात येते आणि त्याला उचलून नेते. मग नोकरी गेली चुलीत."

मी हो म्हटलं.

मोजायचं कसं हे मीच शोधून काढलं. एका ग्लासात पन्नास मिली, असे आठ ग्लास, म्हणजे चारशे. आधी मी स्वतः पाण्याचे आठ ग्लास तोंडात घेऊन थुंकून पाहिले. चारशे दहा भरलं. लाळ मिसळते ना, म्हणून परत येतं ते दोन चमचे जास्तच असतं. म्हणजे रोज चारशेच्या वर भरलं की ठीक, खाली गेलं की गिळली. बाटल्यांमधून ओतायचं मीच, मापाने. उरलेल्या बाटल्या कुलपात, किल्ली माझ्या कनवटीला. चाखायच्या टेबलावर आठ ग्लास, थुंकायचं झाकणाचं स्टीलचं भांडं, ब्रेडचे तुकडे आणि मधेमधे जीभ धुवायला पाण्याचा जग. वाइन थुंकायची आणि पाणी प्यायचं, असा त्याचा रिवाज होता. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलंच होतं.

सुरुवातीचे दिवस काय सुंदर गेले म्हणून सांगू! रोज एक पदार्थ मी करायचे आणि आठ देशांतल्या आठ वाइन त्याच्याशी लावून बघायच्या. पहिला आठवडा माशांच्या पदार्थांचा होता. लोण्या-लिंबातला मासा, वर किसलेली साल. सगळ्या पांढऱ्या वाइन. भाऊ घास खायचा, ग्लास उचलायचा, आणि मी कढई घासत असताना मला ओरडून सांगायचा.

"ताई, ही न्यूझीलंडची म्हणजे आत्याबाई. आल्याबरोबर टोचून बोलते, पुढे माशाला बोलूच देत नाही."

"मग हाकल तिला."

"ही जर्मनीची बघ. गोड बोलते, पण आत आंबट आहे. आपली धाकटी मावशी."

"मावशीचं नाव काढू नकोस, मेल्या. तिने तुला फी भरून शिकवलंय."

"म्हणूनच ठेवतो ना तिला. माशाला नाही, तिखट कोळंबीला."

माशाला त्याने पोर्तुगालची एक हलकी, खारट वाऱ्याची वाइन निवडली. मला त्यातलं काय कळतंय, पण त्याने मला एक घास दिला, बाटलीतून वेगळा एक घोट घ्यायला लावला, आणि माझाच मासा मला नव्याने लागला. लिंबू पुढे आलं, लोणी मागे सरलं. मी म्हटलं, "अरे, हे मी केलंय?" तो हसला. त्याचं असं हसू मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

एक वाजता मी झाकण लावलेलं भांडं मोरीत न्यायचे. स्टीलच्या मापात ओतायचे, रेघ बघायचे, ओतून द्यायचे. चारशे आठ. चारशे बारा. चारशे पाच. दीड वाजता फोन यायचाच.

"ताई, आज किती?"

"चारशे बारा. बरोबर आहे."

"बरं," एवढंच म्हणायची. पण दहाव्या दिवशी तिने विचारलं, रविवारच्या जेवणाला मी आले तर चालेल का? माझा जीव भांड्यात पडला. भावाला सांगितलं तर त्याने भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी तो झोपायला लागला होता. तासभर, मग दोन तास. मी म्हणायचे, जिभेचं काम आहे, थकणारच. मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवत होते म्हणता ना? ते सगळं तेल त्या मापाच्या रेघेवर होतं.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. कोकराची मांडी, सहा तास मंद आचेवर, कांदे पार विरघळलेले. आठच्या आठ लाल वाइन, अगदी गडद. अर्जेंटिनाची, स्पेनची, दक्षिण आफ्रिकेची, काही तर ग्लासाला डाग पाडणाऱ्या. स्टीलच्या मापात मी कोकराचा रस काढून ठेवला होता, म्हणून थुंकी मोजायला काचेचं माप घेतलं. ओतलं. चारशे दहा, अगदी रेघेवर.

आणि रंग गुलाबी.

मी ते माप खिडकीशी धरलं. आठ गडद वाइन एकत्र केल्या तर काळपट व्हायला हवं. हे तर लाल कपडा पहिल्यांदा भिजवल्यावर निघतं तसं पाणी होतं. पलीकडची खिडकी, खिडकीचे गज, सगळं त्यातून दिसत होतं. मला आधी काही कळेचना. माप बरोबर, मग रंग कुठे गेला? मग टेबलावरचा पाण्याचा जग आठवला. जाऊन बघितलं. जग रिकामा होता.

मी वाइन मोजली होती, थुंकी मोजली होती. पाणी मोजलं नव्हतं. पाणी कोण मोजतं हो?

खात्री करायला एकच रस्ता होता, तो मी धरला. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. भावाची थुंकी चाखली. पाणी, लाळ, आणि कुठेतरी लांब वाइनची आठवण. तो वाइन गिळत होता आणि पाणी थुंकत होता. रंगापुरता एखादा घोट सोडत असेल. पहिल्या आठवड्यात तर पांढरी वाइन, पाण्यात मिसळली तरी कुणाला दिसणार? मी मोरीच्या कट्ट्याला धरून उभी राहिले. मग माप उचललं.

तो चाखायच्या खोलीत वहीत लिहीत बसला होता. मी दार लावून घेतलं आणि माप त्याच्यासमोर ठेवलं.

"हे काय आहे रे?"

त्याने बघितलं. नाकोबा तो, त्याला वासही घ्यावा लागला नाही. पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"ताई, तू बस आधी."

"कधीपासून विचारते आहे मी!"

"चौथ्या दिवसापासून." मग एकदम भडभडा बोलायला लागला. थुंकून कळत नाही म्हणे सगळं. वास कळतो, चव कळते, पण घशातून उतरल्यावर ती काय करते ते कळत नाही, आणि जेवणाबरोबर माणसं थुंकत नाहीत, गिळतात. तुझ्या जेवणाला न्याय द्यायचा होता, म्हणाला. माझ्या जेवणाला! मी त्याच्या मुस्कटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तो रडला, आणि मी त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"तीन दिवस," तो म्हणाला. "येत्या रविवारी ती येणार आहे ग. आज सांगितलंस तर येईल, पण मला घेऊन जायला येईल. तीन दिवस मी खरंच थुंकतो, तू समोर उभी राहा. सोमवारी सकाळी तूच हाताला धरून डॉक्टरांकडे ने. मी निमूट येईन."

दीड वाजला होता. फोन वाजला.

आता खरं सांगते, कारण आता लपवून काय मिळणार आहे? भावाची दया आली हे अर्धंच खरं. बाहेर मालकांच्या टेबलावर छापून आलेली कार्डं पडली होती, मी सकाळीच एक उचलून पदराने पुसून बघितलं होतं. आठ ओळी, आठही माझ्या. एकवीस वर्षं नोकरांसाठी भाताची पातेली उतरवल्यावर त्या आठ ओळी. तो गेला तर रविवार गेला. मला तो रविवार हवा होता.

"ताई, आज किती?"

"चारशे दहा," मी म्हटलं. "बरोबर आहे."

"बरं," ती म्हणाली. आणि मग, कधी नव्हे ते, "ताई, थँक्यू."

शुक्रवारी आणि शनिवारी मी त्याच्यासमोर उभी राहिले. पाणीही मापून दिलं. भांड्यात काळीभोर वाइन पडली, एकेक घोट. सुटलो, असं वाटलं मला. शुक्रवारी त्याने ब्रेडशिवाय काही खाल्लं नाही, पोट जड वाटतंय म्हणाला. शनिवारी त्याने मोजे काढले तेव्हा पायावर रबराचा खोल वळ होता, आणि बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. मला तो दिसला. त्याला मीठ कमी घालून जेवायला वाढलं आणि रविवारचे कांदे सोलायला बसले.

रविवारी बारा वाजता चाळीस माणसं बसली. भावजय कोपऱ्यातल्या टेबलावर. केस नीट बांधलेले, कानात लग्नातले डूल. भाऊ तिच्याजवळ गेला आणि दोघंही नवीन ओळख झाल्यासारखे अवघडून बोलत होते. मी स्वयंपाकघराच्या दाराच्या गोल काचेतून बघत होते. मासा गेला, ताटल्या चाटूनपुसून परत आल्या. कोळंबी गेली, सोबत मावशीबाई. पाहुणे हसत होते, कारण हा त्यांनाही आत्या-मावश्याच सांगत होता. मालक आत येऊन माझे दोन्ही हात धरून गेले.

सहावा पदार्थ कोकराचा. भाऊ मधोमध उभा राहिला, अर्जेंटिनाची बाटली हातात. बाटलीचा पहिला घोट वाढणाऱ्याने स्वतः बघायचा असतो, आणि पाहुण्यांसमोर काही थुंकता येत नाही. त्याने ग्लासात ओतली, नाकाशी धरली, आणि भावजयीकडे बघत ग्लास तसाच खाली ठेवला. एक थेंब घेतला नाही. तिला ते कळलं. मी काचेतून तिचा चेहरा बघितला.

तो म्हणाला, "ही वाइन म्हणजे आमची ताई. आवाज मोठा, पण..."

आणि खोकला. समोरच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल पसरलं. लोकांना वाटलं वाइन सांडली. एका गृहस्थांनी हसून रुमालही पुढे केला. मला दारातून रंग कळला. तीन दिवसांपूर्वीच मी रंग बघायला शिकले होते.

दवाखान्यात तो दीड तास जगला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही दोघी बाकावर होतो, माझ्या अंगावर अजून ॲप्रन. त्यांनी सांगितलं ते मी शब्दाला शब्द सांगू शकते. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या. बरेच दिवस रोज पोटात जात असणार. "फुटायच्या आधी आणलं असतं तर बांधता आल्या असत्या. दोन-तीन दिवस आधी जरी आणलं असतं. मी खाट ठेवली होती," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तेवढे चांगले होते ते.

भावजय रडली नाही. कानातले डूल काढून मुठीत धरले होते तिने.

"ताई, तुम्ही रोज मोजत होतात ना?"

"मोजत होते."

"कमी कधी भरलंच नाही?"

"नाही. पाणी होतं त्यात. मला नंतर कळलं."

"कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. "गुरुवारी," मी म्हटलं.

तिने बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मग दरवाजाकडे बघितलं, जिथून त्याला आत नेलं होतं.

"गुरुवारी मी फोन केला होता," ती म्हणाली. "दीड वाजता. मी थँक्यू म्हणाले होते तुम्हाला."

"अगं, ऐक माझं..."

"नाही. मला ते परत ऐकायचंय. गुरुवारी काय सांगितलंत ते सांगा. तस्संच सांगा, रोज सांगायचात तसं." आणि ती माझ्याकडे वळून, अगदी फोनवरच्या आवाजात म्हणाली, "ताई, आज किती?"

मी मान खाली घातली. एक नर्स येऊन आमच्यापैकी कुणीतरी सही करायला आत चला म्हणाली, तरी ती हलली नाही.

"चारशे दहा," मी म्हटलं. "बरोबर आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि सही करायला आत गेली.